अग्नी वाचला, पंख राहिले

मराठीत गेल्या पंचवीस वर्षांत सर्वांत जास्त हातांत गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मकथनाचा माधुरी शानभाग यांनी केलेला अनुवाद, ‘अग्निपंख’, त्या यादीत वरच्या अंगाला असेल. मूळ इंग्रजी पुस्तक १९९९ साली आले. कलाम २००२ साली राष्ट्रपती झाले आणि पुस्तकाचे जणू पाठ्यपुस्तक झाले. २०१५पासून त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हा तर महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीवरच्या शाळांतही हे पुस्तक पोहोचले. एखाद्या पुस्तकाला एवढा वाचकवर्ग लाभणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण समीक्षेचे काम तेवढ्यावर संपत नाही. पुस्तक किती वाचले गेले यापेक्षा त्यातले काय वाचले गेले आणि काय वगळले गेले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या भागातल्या वक्तृत्व स्पर्धांना श्रोता म्हणून मी वर्षानुवर्षे जात आलो आहे. कलामांवरची भाषणे ऐकली की तीन प्रसंग हमखास येतात. पहाटे वर्तमानपत्रे वाटणारा रामेश्वरमचा मुलगा, भावाच्या शिक्षणासाठी बांगड्या गहाण टाकणारी बहीण आणि हवाई दलाची निवड हुकल्यावर खचलेला तरुण. शेवटी रॉकेट आकाशात जाते आणि टाळ्या पडतात. हे प्रसंग खरे आहेत, हृद्य आहेत. पण या तिन्हींत रॉकेट नाही. रॉकेट ज्या पानांवर आहे, ती पाने भाषणांत येत नाहीत. आणि ती यावीत असे मुलांना भाषण लिहून देणाऱ्या मोठ्या माणसांनाही वाटत नाही.

पहिले वगळलेले पान

१० ऑगस्ट १९७९. एस.एल.व्ही.-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण. २३ मीटर उंच, चार टप्प्यांचे, १७ टन वजनाचे वाहन श्रीहरिकोट्याहून सुटले. पहिला टप्पा उत्तम जळाला. दुसऱ्या टप्प्यात वाहन भरकटले आणि ३१७ सेकंदांनी सारे संपले. अवशेष सुमारे ५६० किलोमीटर दूर समुद्रात पडले. चौकशीत निघालेले कारण कलामांनी स्वच्छ सांगितले आहे. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतले नायट्रिक आम्ल गळून गेले होते. उड्डाणाच्या आठ मिनिटे आधी उघडलेली एक झडप कचरा अडकल्यामुळे पुन्हा नीट मिटलीच नव्हती. त्यामुळे वाहनाला वळवणाऱ्या छोट्या झोतांना लागणारे बळ ऐन वेळी उरले नाही.

या घटनेत काय बिघडले ते पाहा. मुख्य इंधनात दोष नव्हता. ज्वाला होती, धक्का होता, वेग होता. नव्हती ती वळण्याची ताकद. अग्नी होता, पंख नव्हते. पुस्तकाच्या नावाचा इतका नेमका अर्थ पुस्तकातच मांडलेला असताना आपण मात्र ते नाव फक्त ‘गगनभरारी’ या एकाच अर्थाने घेतले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या प्रायोगिक उड्डाणाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. भाषणात या दोन तारखांमध्ये एकच वाक्य असते: ‘अपयशाने खचून न जाता त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.’ खरे तर त्या अकरा महिन्यांत जे झाले ते जिद्दीपेक्षा जास्त काही होते. काय मोजले गेले नाही, ते शोधून मोजण्याची व्यवस्था केली गेली. नुसत्या जिद्दीने तेच वाहन पुन्हा उडवले असते, तर ते पुन्हा समुद्रातच गेले असते.

शब्दच आडवा येतो

हे वाचन असे का झाले, याचे एक कारण आपल्या शब्दांत आहे. रॉकेटला आपण ‘अग्निबाण’ म्हणतो आणि मिसाइलला ‘क्षेपणास्त्र’. दोन्ही शब्द सुंदर आहेत, रुळलेले आहेत, बदलावेत असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. बाण धनुष्यातून सुटला की धनुर्धराचे काम संपते. नेम साधायचा तो सुटण्याआधी. क्षेपण म्हणजे फेकणे. फेकलेली वस्तू फेकणाऱ्याची उरत नाही. सुटलेला बाण आणि तोंडून गेलेला शब्द परत येत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मार्गदर्शन आणि नियंत्रणाचे शास्त्र सुरू होते ते नेमके बाण सुटल्यानंतर. सुटलेल्या बाणाला वाटेत वळवता येते, इतकेच नव्हे तर वळवावेच लागते, हा त्या शास्त्राचा पाया आहे.

इथे तीन वेगळे प्रश्न असतात आणि मराठी बातमीत ते तिन्ही ‘नियंत्रण’ या एका शब्दात कोंबले जातात. पहिला प्रश्न: मी आत्ता कुठे आहे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेला चाललो आहे? दुसरा: जिथे जायचे आहे तिथे पोहोचायला इथून पुढची वाट कोणती? तिसरा: त्या वाटेवर राहण्यासाठी या क्षणी काय आणि किती वळवायचे? पहिला स्थाननिश्चितीचा, दुसरा मार्गदर्शनाचा, तिसरा नियंत्रणाचा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गाडी नेणारा चालक हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवत असतो. धुक्यात पांढरी पट्टी शोधतो तो पहिला, पुढचे वळण आठवून आधीच गिअर बदलतो तो दुसरा आणि स्टेअरिंग बोटभर इकडेतिकडे करत राहतो तो तिसरा. सरळ रस्त्यावरही त्याचे हात स्थिर नसतात. हात स्थिर ठेवले तर गाडी सरळ जाणार नाही, हे त्याला न शिकवता कळलेले असते.

या शास्त्राचा वंश फार जुना नाही. जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राला वेग आवरणारा फिरता गोळ्यांचा नियामक होता. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफ कमी होई. पण काही यंत्रे या नियामकामुळे स्थिर होण्याऐवजी हेलकावे खात. असे का होते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८च्या निबंधात मांडले. त्याचा मथितार्थ न्हाणीघरातही अनुभवता येतो. गीझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात आपण नळ आणखी फिरवतो, मग चटका बसतो, मग घाईने उलटा फिरवतो आणि अंगावर गार पाणी येते. दुरुस्ती उशिरा आणि जास्त झाली की ती चुकीपेक्षा वाईट ठरते. दुरुस्ती किती, केव्हा आणि कोणत्या मोजमापावर करायची, हा या सगळ्या संशोधनाचा गाभा. नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली या विचाराला ‘सायबरनेटिक्स’ असे नाव दिले. ते ज्या ग्रीक शब्दावरून घेतले, त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. कोकणात त्याला आपण तांडेल म्हणू. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत गलबते आणणाऱ्यांच्या मुलखाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरे वगळलेले पान

‘अग्निपंख’मध्ये आणखी एक जागा आहे, जिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष गेलेले मला दिसले नाही. एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमाच्या वर्णनात कलाम विद्यापीठांचा उल्लेख करतात. ‘पृथ्वी’साठी मार्गदर्शनाची गणनपद्धती जादवपूर विद्यापीठातल्या प्रा. घोषाल यांनी तयार केली. ‘आकाश’ एकाच वेळी अनेक लक्ष्ये हेरू शकावे यासाठीची आज्ञावली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. आय. जी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केली. ‘अग्नी’च्या वातावरणात परतणाऱ्या भागाच्या आराखड्याची पद्धत ठरवण्यात मद्रासच्या आयआयटीतला तरुण गट होता. ‘नाग’साठी संदेशांवरील प्रक्रियेचे काम उस्मानिया विद्यापीठात झाले.

ही जागा वाचताना मी थबकलो. कारण देशाच्या सर्वांत गुप्त, सर्वांत गाजलेल्या कार्यक्रमाचा मेंदू कुठे घडला, तर विद्यापीठाच्या वर्गात. पदव्युत्तर वर्गातली मुले, म्हणजे वक्तृत्व स्पर्धेत बोलणाऱ्या मुलांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, फळ्यावर समीकरणे मांडत होती. मुलांना सांगण्यासारखे याहून प्रेरक काय असू शकते? पण या मजकुरात बांगड्या नाहीत, अश्रू नाहीत, म्हणून तो निसटला.

इथे पुस्तकालाही थोडे बोलले पाहिजे. कलामांनी विद्यापीठांची नावे घेतली, श्रेय दिले, हा त्यांचा मोठेपणा. पण हे काम नेमके काय होते, अवघड का होते, हे त्यांनी सामान्य वाचकाला सांगितले नाही. झडपेची गोष्ट ते रंगून सांगतात, कारण ती डोळ्यांना दिसते. गणनपद्धतीची गोष्ट एका ओळीत संपते. त्यामुळे विद्यापीठे पुस्तकात सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांसारखी भासतात. मागणी आली, माल दिला. संशोधन तसे चालत नाही. धावत्या लक्ष्याला गाठायचे तर त्याच्या मागे धावायचे की ते जिथे पोहोचणार तिकडे, हा साधा दिसणारा प्रश्न घ्या. जुन्या खलाशांना ठाऊक होते की दुसरे गलबत जवळ येत असेल आणि त्याची दिशा आपल्या नजरेत बदलत नसेल, तर टक्कर ठरलेली. मार्गदर्शनाच्या एका प्रमुख नियमाने हेच उलटे वापरले: नजरेची रेषा वळू लागली की तिच्या वळण्याच्या प्रमाणात आपणही वळायचे, म्हणजे गाठ पडेल. पण लक्ष्य अचानक वळले तर? मोजमापात खडखडाट असेल तर? वळण्याची ताकद अपुरी असेल तर? या प्रत्येक ‘तर’वर प्रबंध लिहिले गेले आहेत. हे ‘तर’ पुस्तकात आले असते, तर वाचकाला विद्यापीठ म्हणजे काय हेही कळले असते.

महाराष्ट्राचे दोन ठोकळे

ही गोष्ट जादवपूर-बंगळुरूची, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडे २०१६ सालात, तीन महिन्यांच्या अंतराने, या विषयाचे दोन उत्तम धडे आकाशात गेले आणि दोन्ही विद्यार्थ्यांनी केलेले होते.

२२ जून २०१६ रोजी पी.एस.एल.व्ही.-सी ३४ने एकाच वेळी २० उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ होता. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन जेमतेम एक किलो. २६ सप्टेंबरला पी.एस.एल.व्ही.-सी ३५मधून मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. त्याचे वजन दहा किलोच्या आसपास. पहिल्यावर सुमारे आठ वर्षे, दुसऱ्यावर त्याहून थोडी अधिक वर्षे विद्यार्थ्यांच्या पिढ्या राबल्या. बातम्यांत काय आले? एकाच वेळी वीस उपग्रहांचा विक्रम, वजन, विद्यार्थ्यांची संख्या आणि मराठी मुलांचा अभिमान. या दोन ठोकळ्यांत एकाच प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे होती, हे सांगायला जागा उरली नाही.

प्रश्न असा: अवकाशात टांगलेला ठोकळा गरगरत राहतो. त्याचा अँटेना जमिनीकडे वळावा, निदान त्याचे गरगरणे थांबावे, यासाठी काय करायचे? तिथे टेकायला जमीन नाही, रेटायला हवा जवळजवळ नाही. आहे ते पृथ्वीचे चुंबकत्व. ‘स्वयम्’च्या मुलांनी उपग्रहात कायमचे चुंबक बसवले. होकायंत्राच्या सुईसारखा उपग्रह चुंबकीय रेषांना धरून राहतो. सुई हलत राहू नये म्हणून विशिष्ट धातूच्या कांड्या बसवल्या. त्या हेलकाव्यातली ऊर्जा उष्णतेत घालवतात. यात वीज लागत नाही, संगणक लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही. मात्र रेषा नेईल तिकडेच तोंड करावे लागते. ‘प्रथम’ने दुसरी वाट धरली. स्वतःची दिशा मोजायची, हिशेब करायचा आणि तारेच्या वेटोळ्यांत हवी तेवढी वीज सोडून हवा तेवढा पीळ द्यायचा. यात निवड करता येते, पण किंमत मोजावी लागते. वीज लागते, मोजमाप चुकले तर हिशेब चुकतो आणि निसर्गाची एक अटही आहे: चुंबकीय रेषेच्या स्वतःच्या अक्षाभोवती चुंबकाने पीळ देता येत नाही. म्हणजे कोणत्याही क्षणी तीनपैकी एक दिशा हाताबाहेर असते. उपग्रह पुढे सरकतो, रेषेची दिशा बदलते, तेव्हा ती दिशा हाती येते. तोपर्यंत थांबायचे कसे, हे गणित.

एकाने निसर्गाच्या रेषेला शरण जाऊन स्थैर्य मिळवले, दुसऱ्याने पावलोपावली स्वतःला दुरुस्त करून. यात कोण श्रेष्ठ असा निवाडा नाही. साधने किती, हेतू कोणता, धोका किती पत्करायचा, यावर निवड ठरते. मराठी वाचकाला असे द्वंद्व नवीन नाही. दैव आणि यत्न यांवर आपण शतकानुशतके वाद घातला आहे. समर्थांनी जिथे लेखन केले असे परंपरा मानते, ती शिवथर घळ आमच्याच तालुक्यात आहे. तरीही एक किलोच्या ठोकळ्यातला हा वाद साहित्यात यावा, असे आपल्याला वाटले नाही. तो विज्ञानाचा कोपरा म्हणून पानाच्या खालच्या अंगाला राहिला.

चुकीचे साहित्य

या शास्त्राची खरी वाङ्मयीन संपत्ती त्याच्या चौकशी अहवालांत आहे, असे माझे मत आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. आधीच्या एरियान-४साठी लिहिलेली आज्ञावली तशीच वापरली होती. नव्या वाहनाचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या खणात मावला नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. चौकशी समितीचे अध्यक्ष झाक-लुई लिओन्स हे नियंत्रणाच्या गणितातले थोर प्राध्यापक होते. दीड महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. त्याच्या तीन वर्षे आधी, २० सप्टेंबर १९९३ रोजी, आपले पहिले पी.एस.एल.व्ही. याच जातीच्या चुकीने गेले होते. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हिसक्यात नियंत्रणाच्या आज्ञावलीतला आकडा मर्यादेबाहेर गेला आणि आज्ञावलीला तो पेलला नाही. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी त्याच वाहनाचे पुढचे उड्डाण यशस्वी झाले. म्हणजे ‘वाचन प्रेरणा दिना’ची तारीख दुरुस्तीच्या यशाचीही तारीख आहे. हा योगायोग कोणा वक्त्याने वापरलेला मी तरी ऐकलेला नाही.

सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा विक्रम अवतरक चंद्रावर आदळला. त्या रात्रीच्या मराठी मथळ्यांत ‘संपर्क तुटला’ हे शब्द होते आणि पुढे कित्येक दिवस अश्रू, मिठी, धीर यांवर लेख आले. नंतर दिलेले अधिकृत स्पष्टीकरण असे होते की उतरण्याच्या दुसऱ्या अवस्थेत वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला, त्यामुळे पुढची अवस्था सुरू होताना परिस्थिती आराखड्यात धरलेल्या मर्यादेबाहेर गेली. संपर्क तुटणे हा परिणाम होता, कारण वेगळे होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले, कारण मधल्या चार वर्षांत ‘काय काय बिघडू शकते’ याची यादी करून आराखडा त्या यादीभोवती बांधला गेला. आपल्या लेखनाने पहिल्या वेळी शोक केला, दुसऱ्या वेळी जल्लोष. दोन्हींच्या मधली चार वर्षे कोऱ्या पानांची राहिली. ती पाने म्हणजेच संशोधन.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. साहित्याला माणूस लागतो. समीकरण हा नायक होऊ शकत नाही. मान्य. पण दुरुस्ती ही अत्यंत मानवी गोष्ट आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हा कृष्णविवर हाही काही घरोघरचा विषय नव्हता. लेखकाला विषय आतून कळला की वाचक येतो. दुसरा आक्षेप नैतिक आहे: या विद्येचा मोठा भाग शस्त्रांसाठी वापरला जातो, मग तिचे कौतुक कशाला? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो विचारण्यासाठीही विद्या कळावी लागते. न कळलेल्या गोष्टीचे एक तर स्तोत्र होते, नाही तर शाप. टीका होत नाही.

इथे काय पणाला लागले आहे

महाड-पोलादपुरातून या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे विचारले जाईल. महाडपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. १९८९ साली ते स्थापन झाले. ज्या गावी १९२७ साली पाण्याच्या समान हक्कासाठी सत्याग्रह झाला, त्या गावाच्या शेजारी ज्ञानाचे तळे असावे, ही घटना मला प्रतीकापुरती पुरेशी वाटत नाही. त्या तळ्याचे पाणी उमरठच्या, कापड्याच्या मुलाला पिता यावे. बंगळुरूच्या प्रा. देबाशीष घोष आणि प्रा. राधाकांत पाढी यांचे या विषयावरचे अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहेत. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाला ते अमृतासमान वाटले. फुकट आहेत, पण इंग्रजीत आहेत आणि त्यांच्याआधी चढायच्या पायऱ्या मराठीत बांधलेल्या नाहीत. पायऱ्या नसलेल्या तळ्यात पाणी असून तहान भागत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या औद्योगिक वसाहतीची. महाडच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांत आमची शेकडो मुले पाळीत काम करतात. टाकीचे तापमान, दाब, प्रवाह ठरल्या आकड्याच्या आसपास राखणे हे इन्स्ट्रुमेंटवाल्यांचे रोजचे काम. आकडा घसरला तर झडप किती उघडायची, किती वेळ वाट बघायची, हे ते अनुभवाने जाणतात. एस.एल.व्ही.-३ बुडवणारी झडप आणि त्यांच्या हातातली झडप यांचे गणित एकच आहे. फक्त ते त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नाही. सांगितले असते, तर काम तेच राहिले असते, पण कामाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली असती. कदाचित एखादा लोणेऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे गेला असता.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस व इतर वाहने अंधारात नदीत गेली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘स्वयम्’ आकाशात स्थिर होण्याचे गणित घेऊन गेला होता. पुढल्या महिन्यात ‘प्रथम’ जाणार होता. पूल नाही, हे मागून येणाऱ्या चालकाला सांगणारी कोणतीही व्यवस्था तिथे नव्हती. मोजमाप नाही, म्हणून संदेश नाही, म्हणून दुरुस्ती नाही. नवा पूल विक्रमी १६५ दिवसांत उभा राहिला आणि आपण त्या विक्रमाचे कौतुक केले. इथेही आपण झेप मोजली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगर हलतो आहे हे मोजायचे, मोजलेले वेळेत सांगायचे आणि सांगितल्यावर काय करायचे ते आधी ठरवून ठेवायचे, ही साखळी अवकाशवाहनाची आहे तशीच डोंगराखालच्या गावाचीही आहे. आकाशातल्या शास्त्राशी आपला संबंध अभिमानापुरता ठेवण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते यावरून दिसावे.

म्हणून माझी तक्रार पुस्तकाशी कमी आणि वाचनाशी जास्त आहे. आपण यशकथा वाचायला शिकलो, दुरुस्तीकथा वाचायला शिकलो नाही. शिक्षणशास्त्रात ‘प्रत्याभरण’ हा चांगला मराठी शब्द आहे. झालेल्या परिणामाकडे पाहून पुढची कृती सुधारणे, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणातून बाहेर काढून विज्ञानलेखनात, पुलाच्या चर्चेत, ग्रामसभेत आणला पाहिजे. विज्ञानलेखकांनी ‘स्वयम्’ आणि ‘प्रथम’ घडवणाऱ्या मुलांकडून, ती विसरण्याआधी, त्यांच्या चुकांच्या वह्या मागून घ्याव्यात आणि मराठीत लिहाव्यात. लोणेऱ्याच्या प्राध्यापकांनी वर्षातून एक व्याख्यान एमआयडीसीच्या पाळीतल्या कामगारांसाठी मराठीत द्यावे. विषय एकच ठेवावा: झडप. कारखान्यातली, आणि १० ऑगस्ट १९७९ची.

आणि ‘अग्निपंख’ ज्यांच्या घरी आहे, त्यांनी मुलाच्या हाती देताना ते पान दुमडून द्यावे, जिथे रॉकेट समुद्रात पडते. का पडले, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर त्याने पुस्तक वाचले असे म्हणता येईल.